लाइटीचा शॉक नाय लागला

ओरडणारा पेशंट मी आधी घेतला. चूक तिथेच झाली.

जानेवारीतली सकाळ होती, साडेदहाचा सुमार. ओपीडीची रांग कॉरिडॉर ओलांडून नळापर्यंत गेली होती. म्हसा गावची जत्रा नुकतीच सरली होती आणि जत्रेतून परतलेली खोकला-तापाची गर्दी अजून ओसरली नव्हती. दुसरे मेडिकल ऑफिसर रजेवर होते, म्हणून मी दोन दिवस घरी गेलो नव्हतो. आमचं रुग्णालय शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातलं, तीस खाटांचं. नाव सांगत नाही. सांगून फार फरक पडणार नाही.

पाच मिनिटांच्या अंतराने दोन पेशंट आले. पहिला वाशिंदच्या एका कंपनीतला सुपरवायझर, मोटारसायकलवरून घसरलेला. डोक्याची कातडी चार बोटं फाटली होती. पांढरा शर्ट पूर्ण लाल. तोंड अखंड चालू.

"डॉक्टर, ब्रेन हॅमरेज तर नाही ना? बघा ना जरा! माझी एलआयसी आहे, काही लागलं तर सांगा!"

दुसरा काशिनाथ. डोळखांबच्या वरच्या अंगाचा, चाळिशीचा, काटक. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना झाडावरून पडला होता. राब म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायची आमच्याकडची पद्धत. थंडीत फांद्या तोडून वाळवायच्या, उन्हाळ्यात शेतात पसरून जाळायच्या. दर थंडीला आमच्याकडे असे पडलेले पाच-सहा जण तरी येतात. काशिनाथ डाव्या कुशीवर पडला होता, खाली जुनं खोड होतं. जीपमधून उतरून तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून चालत आत आला.

"काय होतंय?"

"काय नाय सायब. बरगडीत जरा दुखतंय."

नाडी चौऱ्याण्णव. बीपी एकशे दहा, खाली शहाऐंशी. छातीत दोन्ही बाजूंनी हवा नीट जात होती. पोट मऊ, डावीकडे दाबलं की थोडं दुखत होतं. इंटर्न डॉक्टर श्रुतीला मी म्हटलं, "बरगडी असेल. एक्स-रे काढ, दुखण्याचं इंजेक्शन दे." आणि सुपरवायझरचं डोकं शिवायला गेलो.

डोक्याची कातडी रक्त फार सांडते. बघणारा घाबरतो, पण दाबून धरलं आणि शिवलं की बहुतेक वेळा काम संपतं. हे मला ठाऊक होतं, दर सहा महिन्यांनी नव्या इंटर्नना मी तेच शिकवतो. जो ओरडतो त्याची श्वासनलिका उघडी आहे, छातीत हवा आहे, मेंदूला रक्त आहे. म्हणजे तो थांबू शकतो. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलंय की त्या दिवशी ते मलाच ऐकू आलं नाही.

अर्धा तास गेला. मध्ये काशिनाथची बायको, जनी, दोनदा दारात येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, "पानी मागतंय सारखा. देऊ का?" मी टाका घेता घेता म्हटलं, "सध्या काही देऊ नका." दुसऱ्यांदा म्हणाली, "गार लागतंय त्याला." मी म्हटलं, "थंडीच आहे, बाई. पांघरूण घाला."

तिने जीपमधली घोंगडी आणून त्याला गळ्यापर्यंत पांघरली. घोंगडीखालचं मग कोणाला दिसलं नाही.

दिसलं ते वैशाली सिस्टरांना. सिस्टर इनचार्ज, वीस वर्षं याच वॉर्डात. मी इथे नवा आलो तेव्हा शीर कशी शोधायची ते मला त्यांनी शिकवलं होतं, आणि मला ते येत नव्हतं हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या ड्रेसिंग रूमच्या दारात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, झाडावरचा जो आहे ना, त्याच्या पायाला जरा हात लावून बघा."

मी सुई श्रुतीच्या हातात दिली आणि गेलो.

पाय गुडघ्यापर्यंत गार होते. कपाळावर घाम, तोही गार. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. नाडी एकशे बावीस. बीपी नव्वद, खाली बहात्तर. पोट आता मऊ नव्हतं. "काशिनाथ" म्हटलं तर डोळे उघडून "अं" म्हणाला आणि परत मिटले.

शॉक. डॉक्टरी भाषेत शॉक म्हणजे शरीराच्या भागांना पुरेसं रक्त न पोचणं. अपघातात तो बहुतेक वेळा रक्त गेल्याने येतो. रक्त जमिनीवर सांडलं तर दिसतं. छातीत, पोटात, कंबरेच्या हाडांत किंवा मांडीत सांडलं तर दिसत नाही. शरीर मग काटकसर करतं. हातापायांचं आणि कातडीचं रक्त तोडून मेंदूला आणि हृदयाला देतं. म्हणून पाय गार पडतात, तहान लागते. बीपी मात्र बराच वेळ टिकून राहतो. तो पडेपर्यंत थांबणारा डॉक्टर उशिरा पोचतो.

आणि खुणा पहिल्या पाच मिनिटांतच होत्या. बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे एकमेकांजवळ सरकले होते. ओझी वाहणाऱ्या माणसाची नाडी एरवी पन्नास-पंचावन्न असते. त्याची चौऱ्याण्णव झाली म्हणजे ती धावतच होती. मी ती पुस्तकातल्या माणसाची नाडी समजून वाचली. घसा कोरडा पडला, गार वाटलं, हे जनीने माझ्यासमोर दारात उभं राहून सांगितलं होतं. तेही मी जानेवारीच्या खात्यावर टाकलं.

मग हात भराभर चालले. ऑक्सिजन. दोन्ही हातांत मोठ्या सुया. सलाइन बेताने, कारण नुसतं पाणी चढवलं की उरलेलं रक्त पातळ होतं आणि गोठत नाही. रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन. ओली बंडी काढून कोरडी ब्लँकेटं. स्टोरेजच्या फ्रिजमध्ये ओ निगेटिव्ह रक्ताची एक पिशवी होती, ती लावली. सोनोग्राफीची खोली बंद होती; तिथले डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. मी ठाण्याच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयाला फोन लावला. सर्जरीचे रजिस्ट्रार बोलले. आवाज माझ्याइतकाच थकलेला.

"सोनोग्राफी केली?"

"खोलीला कुलूप आहे."

"मग पोटात ब्लड आहे कशावरून?"

"पायांवरून."

"पाठवा. थिएटर सांगून ठेवतो. पण उशीर नको, सर."

अँब्युलन्स आमच्याकडे यायला निघाली होती. सगळं जुळत होतं. मी बाहेर आलो आणि नातेवाइकांना सांगितलं, "पेशंट शॉकमध्ये आहे. ताबडतोब ऑपरेशनला न्यावं लागेल. इथे सही करा."

जनीचा भाऊ बाळू पुढे आला. तोच जीप घेऊन आला होता. त्याने कागदाकडे पाहिलंच नाही.

"शॉक?"

"हो, शॉक."

"लाइटीचा शॉक नाय लागला त्याला. झाडावरनं पडलाय."

"तो शॉक नव्हे हो. हा शॉक वेगळा..."

"तिथं लाइटच नाय, सायब! खांब हाय तो पार खाली पाड्यात. ऐनाला कुठली आली वायर?" तो मागे वळून जीपमधल्या दोघांना म्हणाला, "ऐकला का? यांनी तपासलाच नाय. दुसऱ्याचाच कागद घेऊन आलंत. मघापासून त्या फटफटीवाल्याचा डोका शिवत बसलंत."

शेवटचं वाक्य खरं होतं.

"चल गो जने," बाळू म्हणाला. "हाडवैद्याकडं नेऊ. बरगडी बांधून देल. हिकडं ठेवला त मारतील त्याला."

ते दोघे स्ट्रेचरकडे निघाले. श्रुती आडवी झाली आणि घाबरून इंग्रजीतच बोलायला लागली. हायपोव्होलेमिया, इंटर्नल ब्लीडिंग. बाळू तिच्याकडे असा बघत होता, जणू ती लोकलची अनाउन्समेंट करतेय. मीसुद्धा आवाज चढवला. "तुमच्या जबाबदारीवर नेताय, लिहून द्या!" हे वाक्य आम्ही सगळेच थकल्यावर बोलतो. त्याने पेशंट वाचत नाही, आपला कागद पूर्ण होतो.

काशिनाथला तिथून उचलून त्या जीपमध्ये घातलं असतं तर तो पहिल्या घाटालाही पोचला नसता. हे मला माहीत होतं आणि त्यांना समजेल असा एक शब्द माझ्याकडे नव्हता. मी याच मातीतला. माझ्या घरात माझ्याआधी कोणी दहावीपुढे गेलं नव्हतं. वडिलांनी दुसऱ्याच्या खाचरांत राबून मला शिकवलं, आणि शिकून मी काय आणलं तर शॉक.

जनी हलली नव्हती. नवऱ्याच्या पायाशी उभी होती आणि घोंगडीच्या आत हात घालून त्याची पावलं चोळत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"जनाबाई, तुमच्या खाचराला खेकडे लागतात का?"

तिने वर पाहिलं. बाळू म्हणाला, "आता खेकडं कशाला काढलीत?"

"लागत्यात," जनी म्हणाली.

"भात पोटरीला आलं, खाचर भरलेलं आहे. खेकड्याने बांधाला आतून बीळ पाडलं. वरून बांध कसा दिसतो?"

"धड दिसतो."

"आणि पाणी?"

"जातंय. सकाळी बघावा त खाचर कोरडा."

"तसं झालंय. बरगडीच्या आत पानथरी असते, रक्ताने भरलेली. ती फुटली आहे. वरून जखम नाही, माणूस धड दिसतो. रक्त आतल्या आत चाललंय. आम्ही वरून ओततोय, पण बीळ उघडंच आहे. पाणी टेलाला, शेवटच्या खाचराला, पोचत नाही म्हणून पाय गार पडलेत."

तिने पुन्हा एकदा पावलांवर हात ठेवला. मग नखं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा आवाज चढला.

"मंग बीळ बुजवाया न्या ना! हिकडं उभं ऱ्हाऊन काय सांगताय?"

"सही..."

"आना हिकडं." तिने अंगठा पुढे केला, मग थांबली आणि पेन मागितलं. सावकाश, चार अक्षरी सही केली. बाळू काही बोलणार होता. ती त्याला म्हणाली, "दादा, तू खाचरात कधी उतरलास? जीप चालवतंस नं? मंग गप ऱ्हा."

अँब्युलन्स लागली होती. मी जाऊ शकत नव्हतो, रांग नळापर्यंत होती. श्रुती गेली, रक्ताची पिशवी हातात उंच धरून. सुपरवायझर डोक्याला पट्टी बांधून बाकावर बसला होता. मला बघून म्हणाला, "डॉक्टर, माझा सीटी स्कॅन?" मी त्याला पुढच्या खोलीत पाठवलं आणि खोकल्याचे पेशंट घेतले. किती घेतले आठवत नाही.

साडेतीनला श्रुतीचा फोन आला. पानथरी, म्हणजे स्प्लीन, दोन ठिकाणी फाटली होती, काढून टाकली. पोटात दोन लिटरहून जास्त रक्त होतं. वाटेत भिवंडी बायपासला अँब्युलन्स अडकली तेव्हा बाळूच खाली उतरून ट्रकवाल्यांना बाजूला काढत होता, असं ती म्हणाली. "काय ओरडत होता माहितीये, सर? बीळ पडलाय, बीळ पडलाय, सरका!"

काशिनाथ वाचला. त्यात माझा वाटा अर्ध्या तासाच्या उशिराचा आहे. पानथरी नसलेल्या माणसाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो, म्हणून तो लस घ्यायला आणि तपासायला येतो. झाडावर आता चढत नाही. जनी चढते. मी रागावलो तर म्हणाली, "राब नाय केला त भात कुठनं?" दोर बांधून चढा, एवढं सांगितलं.

त्या दिवसापासून नातेवाइकांसमोर शॉक हा शब्द मी बंद केला. इंटर्नना बजावतो, की ज्या शब्दाचा अर्थ समोरच्याच्या घरात वायर असा होतो, तो शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. मला वाटलं होतं, प्रश्न मिटला.

यंदाच्या थंडीत नवी बॅच आली. त्यात पुण्याचा डॉक्टर चिन्मय, हुशार, अक्षर सुरेख. मी आणि सिस्टर पडद्याअलीकडे चहा घेत होतो. पलीकडे जीप थांबल्याचा आवाज झाला आणि मग एक ओळखीचा आवाज आला. बाळूचा. बैलगाडी उलटून तिच्याखाली सापडलेल्या कोणाला तरी तो घेऊन आला होता.

"डॉक्टर, लवकर बघा. ह्याला खेकडा झालाय."

"कुठे चावला?" चिन्मय.

"चावला नाय हो. झालाय! आत खेकडा झालाय!"

"बरं, बरं. कधी चावला? सूज आहे का?"

"अरे देवा. मोठं डॉक्टर कुठं हायत?"

मी कप ठेवून उठलो. सिस्टर माझ्या आधी उठल्या होत्या आणि मोठ्या सुया काढत होत्या. मी पेशंटच्या पायाला हात लावला. गार होता. नाडी धावत होती, पण बीपी अजून टिकून होता. या वेळी हातात वेळ होता, आणि तो आम्हाला बाळूने मिळवून दिला होता.

पेशंट रवाना झाल्यावर टेबलावरचा केसपेपर पाहिला. चिन्मयने सुरेख अक्षरात लिहिलं होतं: खेकडा चावल्याची तक्रार, चाव्याची जागा सापडत नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावे.

त्या कागदाची झेरॉक्स मी पुढच्या बॅचसाठी ठेवली आहे.