सात नंबरच्या आजीचा ताप

परतूरच्या स्टँडवरून एस्टी निघाली तेव्हा आम्ही दोघी एकाच सीटवर होतो, मी आणि कविता. बालवाडीपासून एका बाकावरच्या. खिडकीखाली आई मला सांगत होती, "दुसऱ्याच्या ताटात डोकावू नको गं, तुझी भाकर कावळा नेईल." बाबा शाळेतले शिपाई, घंटा वाजवणारे.  आख्ख्या शाळेला त्यांनी सांगून ठेवलं होतं की पोरगी नर्स होणार, हातात दिवा घेऊन शपथ घेणार, आणि ते बघायला आपण स्वतः मुंबईला जाणार.

मुंबई म्हणजे भाईंदर पूर्व. हे मी गावाला बरेच दिवस कळू दिलं नाही.

माझं नर्सिंग कॉलेज भाईंदरला, खाली मिठाईचं आणि साडीचं दुकान, वर आम्ही. कविताचं मीरा रोडला. एकाच स्टेशनाचं अंतर, पण हवामान बघाल तर आमच्याकडे उन्हाळा आणि तिच्याकडे बारमाही श्रावण. आमच्या प्रिन्सिपल मॅडम टेबलावर पेन आपटून बोलायच्या. "धिस इज अ कॉलेज, नॉट युवर मामाचा गाव!" चूक झाली की माफीनामा लिहायचा आणि तो आठवडाभर नोटीस बोर्डावर लटकायचा. शिपाईकाकांपासून मिठाईवाल्याच्या पोरापर्यंत सगळे वाचून जायचे. ट्यूटरसुद्धा त्यांना घाबरायच्या, म्हणून त्या आम्हाला घाबरवायच्या. उतरंड होती नुसती.

मी काय केलं? मॅडमची नक्कल बसवली. पेन, खाकरणं, चष्म्यावरून बघणं, सगळं. हॉस्टेलवर पोरी लोळायच्या हसून.

रविवारी आम्ही दोघी खारीगावात माझ्या मावशीकडे जेवायला जायचो. तिथे कविता सुरू व्हायची. "आमच्या मॅडम डबा आमच्यासोबत खातात. आमच्या मॅडम म्हणतात, चुकलात तर आधी मला येऊन सांगा, मग बघू."  मी म्हटलं, "कर बघू त्यांची नक्कल." तिला जमेना. मग एकदा मी त्यांना लांबून बघून आले आणि मलाही जमेना. हळू बोलतात, समोरच्याचं ऐकून घेतात, बस. पकडायला काही टोकच नाही. त्या दिवशी मी जळून कोळसा झाले. घर सोडून दोघी आलो एकाच गाडीने, आणि हिला तिथे परत घरच मिळालं?

आमची पोस्टिंग एकाच हॉस्पिटलात, एकाच वॉर्डात लागली. शपथविधीला आठवडा राहिला होता. बाबांचं रिझर्व्हेशन झालेलं.

सकाळी सहाला टेम्परेचर घेऊन चार्टवर लिहायचं. आमच्या कॉलेजात चार्टला उशीर म्हणजे माफीनामा, टेम्परेचर चुकलं तर कोण बघतंय? त्यामुळे सीनियर पोरींनीच शिकवलेलं, उशीर झाला की सगळ्यांना अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा टाकून द्यायचं. त्या दिवशी मला उशीर झाला होता. मी वॉर्डात शिरले ती डॉक्टरांची नक्कल करतच. बायका हसायला लागल्या. सात नंबरच्या खाटेवर किनाऱ्यावरच्या पाली गावची एक कोळीण आजी होती. ती म्हणाली, "पोरी, मना बरा न्हाय वाटत." मी डॉक्टरांच्या आवाजात म्हटलं, "आजी, पापलेट खा, सब ठीक हो जायेगा!" तीसुद्धा हसली. मी अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा लिहिलं आणि सही ठोकली. सगळ्यांना हसवलं, हात एकीलाही लावला नाही.

तासाभराने कविता आली. मागे तिच्या मॅडम.

"सात नंबरला एकशे तीन आहे गं. थंडी वाजून आलीये. चार्टवर तुझी सही आहे."

मॅडमनी मला विचारलं, "तू घेतलं होतंस?" आणि थांबल्या. पेन नाही, खाकरणं नाही. त्या थांबण्यानेच माझं तोंड उघडलं. "नाही मॅडम." त्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि मला ओल्या फडक्याने आजीचं अंग पुसायला बसवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मॅडमना तू सांगशील, की मी सांगू?"

मी सांगितलं. आमच्या मॅडमनी पेन आपटलं नाही, शांतपणे शपथविधीच्या यादीतलं माझं नाव खोडलं. दिवा नाही, माफीनामा बोर्डावर. तेव्हा वाटलं, हेच मी कविताच्या कॉलेजात केलं असतं तर? आणि कविताने मॅडमना सोबत का आणलं? एकटीने नसतं का येता आलं? ती बरोबर होती हे कळत होतं, म्हणून जास्तच राग येत होता.

एसटीडी बूथवरून शाळेच्या ऑफिसात फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं, दिवा नाही हेही.  मीटर पळतोय. मग बाबा म्हणाले, "म्हातारी बरी हाय का?"

बस, एवढंच. दिव्याचा विषयच नाही.

आजी बरी झाली. बाबा ठरल्यासारखे आले. शपथविधीत कविताच्या हातात दिवा बघितला असता तर मी मेलेच असते, नशीब तिचा समारंभ वेगळा होता. माझ्या समारंभाला मी आणि बाबा शेवटच्या रांगेत बसलो. त्यांनी टाळ्या मात्र सगळ्यांसाठी वाजवल्या.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. कविता तिच्या. मावशीच्या खारीगावात शेतं होती तिथे टॉवर झालेत, मी तिथेच भाड्याने राहते. पोरी माझी नक्कल करतात, मी जिन्यात उभं राहून ऐकलीये. चांगली करतात, मेल्या. कविताची कुणालाच जमत नाही म्हणे. अजूनही आग होते, खोटं कशाला सांगू!

मागच्या महिन्यात फर्स्ट इयरची एक पोरगी दारात उभी. "मॅडम, मी टेम्परेचर न घेताच लिहिलं." मी विचारलं, मला सांगायचं कुणी सुचवलं? म्हणाली, "वॉर्डात त्या मीरा रोडच्या कविता मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्या मॅडमना सांगितलं तरी चालतं."

तरी चालतं! माझा हात पेनाकडे गेलाच.

पण तोंडातून निघालं ते भलतंच. "पेशंट बरा हाय का?"

पोरगी बघतच राहिली, कारण वर्गात मी "हाय" म्हणत नाही. तो बाबांचा आवाज होता, आणि मी नक्कल म्हणून काढलेला नव्हता. परतूरला आता वर्षातून एकदा जाणं होतं. पण घर कुठे आहे असं कुणी विचारलं तर त्या एका प्रश्नात आहे. मी तिला खुर्ची दिली, मग उठले आणि दोघी वॉर्डात गेलो, थर्मामीटर घेऊन.