पुलावरचा लाल फेटा

माझ्या मेव्हण्याइतका हट्टी न्यायी माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, असं मी म्हणतो. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्या ओट्यावर येऊन भांडावं. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पलटणीत पंधरा वर्षं काढून पेन्शनीवर आला आणि सांगलीच्या वाटेवरच्या जुन्या पुलावर टोलनाक्याला चिकटला. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. नाका म्हणजे काय, एक आडवा बांबू, एक पत्र्याची खोली आणि पावतीपुस्तक. पण हा खाकी कपड्यांना कडक इस्त्री करून असा उभा राहायचा, की नवख्याला वाटावं पुलापलीकडं पाकिस्तानची हद्द सुरू होते. सख्ख्या दाजीची, म्हणजे माझी बैलगाडीसुद्धा त्यानं कधी पावतीशिवाय सोडली नाही. पावती हातात देताना वर सलाम ठोकायचा, त्यानं तर मी जास्तच चिडायचो.

त्याच्या डोक्यात एक खूळ होतं. सगळ्यांना सगळ्या वेळी एकच दर, हा न्याय नव्हे म्हणायचा. बाजाराच्या दिवशी ऐन गर्दीत पुलावर शिरेल त्याच्याकडनं जादा घ्यावं, तांबडं फुटताना येईल त्याला सूट द्यावी. मला विचारायचा, "दाजी, रस्ता म्हंजे पाटाच्या पाण्यागत हाय. सगळ्यांनी एकदमच दारं उघडली तर कुणाचं रान भिजंल?" हेच त्यानं एका कागदावर लिहून साताऱ्याच्या साहेबापुढं ठेवलं. साहेब हसला आणि पावत्या नीट फाड म्हणाला. मग यानं आपलाच कायदा काढला. पहाटे येणाऱ्या गाडीवानाला ओंजळभर भाजलेल्या शेंगा. शेंगा माझ्या रानातल्या, भाजणारी माझी बायको. म्हणजे पूल सरकारचा आणि सूट माझ्या घरातनं. जादा दर घ्यायचा अधिकार नव्हता, म्हणून उशिरा येणाऱ्याला पावतीबरोबर शिस्तीवरचं भाषण. पलटणीतलं भाषण, त्यात निम्मं हिंदी. दोन बाजार ते ऐकल्यावर अर्धे गाडीवान आपणहून पहाटे यायला लागले.

पण खरी गंमत फेट्याची. पूल एका गाडीपुरता अरुंद आणि मधे उंचवटा, त्यामुळं या टोकावरून ते टोक दिसत नसे. दोन्हीकडनं गाड्या शिरल्या की मधे तोंडाला तोंड. भरलेली बैलगाडी मागं रेटता येत नाही. बैल सोडा, जू उतरवा, मग शिव्या आणि मग मारामाऱ्या. यानं आपल्या लग्नातला लाल फेटा आणला. या बाजूनं बारा गाड्या सोडायच्या, बाराव्या गाडीवानाच्या डोक्यावर फेटा ठेवायचा. तो पलीकडं पोचला की तिथल्या शिपायानं फेटा उतरवून आपल्या बाराव्याला द्यायचा. फेटा आला की रस्ता मोकळा. लोकांना हे इतकं आवडलं, की काहीजण बारावा नंबर यावा म्हणून बैलाच्या पायात काटा गेल्याचं सोंग करून मागं रेंगाळायचे. एकानं तर फेटा घालून आधी फोटो काढून घेतला, मग पूल ओलांडला.

एका बाजाराच्या दिवशी आमच्या हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिसरं बाळंतपण, पण मूल आडवं होतं. सुईण म्हणाली, सांगलीला न्या, माझ्या हातचं राहिलं नाही. गाडीत गवत टाकून, वर गोधडी घालून तिला घेऊन मी कडेकडेनं वाट काढत नाक्यावर आलो तर मागं अर्धा मैल गाड्या उभ्या, आणि पूल रिकामा. एक कुत्रंसुद्धा नव्हतं त्यावर. फेटा घालून गेलेला गाडीवान तो न उतरवताच पुढं निघून गेला होता आणि पलीकडचा शिपाई चहाला गेला होता. इकडच्यांना वाटलं तिकडनं गाड्या येतायत, तिकडच्यांना वाटलं इकडनं. दोन्हीकडं सगळे फेट्याची वाट बघत शिस्तीत थांबलेले. इतकी शिस्त मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

मी म्हटलं, बांबू उचल. तो म्हणाला, "दाजी, तुमच्या मागनं ह्या सगळ्या घुसत्याल, आणि तिकडनं बी कुणीतरी सुटंल. मधी अडकली तर आक्का जाईल." तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. भाजीच्या पाट्या घेऊन बाया चालल्या होत्या, त्यांना त्यानं हात जोडून माझ्या गाडीमागं रस्त्यात ओळीनं बसवलं. बायांवरून गाडी घालायची कुणाची छाती नव्हती. मग बूट काढून फेकले आणि तो पुलावरून पळत सुटला. उंचवट्यापलीकडं दिसेनासा झाला. आत ही कण्हत होती आणि मी रिकाम्या पुलाकडं बघत उभा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तो उंचवट्यावर उघडाबंब उभा दिसला, हातात खाकी सदरा फिरवत. मी बांबू वर केला आणि बैलांची शेपटी पिरगाळली. पलीकडं पोचलो तर त्यानं वीस-पंचवीस गाड्या रस्त्याखाली शेतात उतरवून ठेवलेल्या. सांगलीला दवाखान्यात पोचलो, आणि दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. 

पुढं सदतीस वर्षं आमची ही माझ्या घरात नांदली. गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मेव्हणा दर सोमवारी येतो. मी त्याचे कधी नीट आभार मानले नव्हते, ते परवा मानले. तर तो खाली बघून बोलायला लागला. "दाजी, त्या दिशी बारावी गाडी एका धनगराची हुती. फेटा घिऊन गेला त्यो माझ्या पलटणीतला. पोराची सोयरीक बघाय चाललोय, जरा रुबाब दिसंल म्हनला, म्हनून धनगराला थांबवून मी ह्येला घातला. पाळी मीच मोडली."

मी विचारलं, "आक्काला म्हाईत हुतं?"

"दवाखान्यातच सांगितलं. म्हनली, ह्यास्नी कवा बोलू नगंस."

तिनं बरोबर ओळखलं होतं. तेव्हा कळलं असतं तर मी त्याला जन्मात उंबरा चढू दिला नसता, मी तसाच माणूस आहे. इतकी वर्षं तो ते पोटात ठेवून माझ्या ताटाला ताट लावून जेवला, आणि ती दोघांना वाढत राहिली. आपल्या माघारी ह्यांच्याशेजारी कुणी बसायला हवं, याची सोयच जणू तिनं तेव्हा करून ठेवली. सांगून झाल्यावर त्याचे खांदे एकदम सैल पडले. खरं सांगायचं तर माझेही. मी उठलो आणि म्हटलं, "बस गड्या, च्या ठेवतो. साखर तेवढी तूच टाक, मला अजून अंदाज येत न्हाई."