पेल्याच्या तळातला टाका

रविवार, पहाटेचे पाच चाळीस. आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या स्वयंपाकघरात डॉ. विभावरी टिपणीस स्टीलच्या पेल्यात शिवत बसल्या आहेत. पेल्याच्या तळाला ऑपरेशनच्या हातमोज्याचा तुकडा चिकटवलेला आहे आणि त्यात एक चीर आहे. लांब चिमट्यात वाकडी सुई धरून, पेल्याच्या कडेला धक्का न लावता ती चीर मिटवायची. बाहेर ऑगस्टची दमट हवा. आत एसी चालू, त्यामुळे खिडकीची काच बाहेरून ओली झाली आहे. थेंब ओघळतो तसा समोरच्या मशिदीचा मिनार विरघळतो आणि पुन्हा उभा राहतो.

"विभा, रविवारी तरी पेल्यात चहा ओत," दारातून सदानंद म्हणतात. हे त्यांचे पती. जवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागात त्यांचा एसीच्या डक्टचा व्यवसाय आहे.

"दुसरे पेले आहेत."

"ते पाहुण्यांचे. माझा तू कापून शिवून ठेवलायस."

विभावरी बावन्न वर्षांच्या आहेत. मुसफ्फातल्या एका खाजगी इस्पितळात त्या वीस वर्षं बाळंतपणं करतात. त्यांचा हात जलद आहे, हे तिथल्या नर्सेसही सांगतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या ओपीडीत युगांडाची एक घरकामगार आली. तिने उदाचं अत्तर इतकं लावलं होतं की खोलीत श्वास जड झाला. तपासल्यावर अत्तराचं कारण कळलं.

बाळंतपण दोनतीन दिवस अडलं आणि जवळपास सिझेरियन करणारं कुणी नसलं, की बाळाच्या डोक्याखाली दाबलेल्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो. ती जागा मरते, मूत्राशयाला भोक पडतं. बाळ बहुधा जातं. बाई जगते, पण तिची लघवी थांबत नाही. विभावरींनी मुंबईत शिकताना याबद्दल वाचलं होतं. शिवलं कधीच नव्हतं. शिवणारा सर्जन शोधेपर्यंत ती बाई मायदेशी परतली होती.

पुढची वार्षिक सुट्टी त्यांनी उत्तर युगांडातल्या एका मिशन इस्पितळात घालवली, आणि त्यानंतरचीही. शिकवणाऱ्या डॉ. अपियो त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्या खेपेला त्यांनी विभावरींना फक्त दिवा धरू दिला. दुसऱ्या खेपेला सुई दिली, आणि विभावरींनी टाके करकचून बांधले. सिझेरियनमध्ये तसेच बांधतात, रक्त थांबवायचं असतं. इथे घट्ट दोऱ्याखाली कडा उपाशी मरतात. काही दिवसांत ते भोक पुन्हा उघडलं.

अपियो ओरडल्या नाहीत. "डॉक्टर, खाली पार्किंगमध्ये तुमची कुणी वाट बघतंय का?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "दोन कडा एकमेकींना भेटल्या की पुरे. त्यांना कोंडायचं नसतं."

तेव्हापासून हा पेला. टाका बांधून झाला की त्याखालून सुईचं बोथट टोक फिरवून बघायचं. सहज फिरलं तर ठीक.

या जुलैत अकेलो नावाच्या तरुणीचं ऑपरेशन विभावरींनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः केलं. अपियो हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. लघवीची नळी दोन आठवडे ठेवतात. ती निघायच्या आधीच सुट्टी संपली. नळी काल काढली. टाके धरले की नाही, ते आज सकाळी कळणार. नसतील तर अकेलोला पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि दुसऱ्या वेळी शिवायला चांगली जागा कमी उरते.

त्या वॉर्डात एक रीत आहे. रात्रभर कोरडी राहिलेली बाई सकाळी आपली चादर स्वतः घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवते. त्या घडीला नर्ससुद्धा हात लावत नाही. बाकीच्या चादरी धुऊन अंगणातल्या दोरीवर जातात. राउंडला येणारा डॉक्टर आधी पायथे बघतो.

ती दोरी विभावरींच्या झोपेत येते. इस्पितळाच्या अंगणातून निघते, समुद्रावरून येते, मुसफ्फाच्या गोदामांवरून, या व्हिलांच्या गच्च्यांवरून जाते. वारा नसतो, तरी चादरी हलतात. विभावरी त्यांच्याखालून चालतात. चादरींचा गारवा कपाळाला लागतो. त्या अकेलोची चादर शोधतात. ती सापडू नये म्हणूनच शोधत असतात, आणि दोरी संपत नाही.

"आणि मग?" सकाळी नाश्त्याला सदानंद विचारतात.

"मग एसीचा आवाज येतो."

"म्हणजे मीच उठवतो तुला."

बारावीतली इरा मोबाइलवरून नजर न काढता म्हणते, "आई, इट्स जस्ट लॉन्ड्री."

"हो ना. लॉन्ड्रीच आहे."

आठ वाजतात, म्हणजे तिकडे सात. फोन टेबलावर पालथा ठेवलेला आहे. विभावरी पोह्यांवर लिंबू पिळतात, पुन्हा पिळतात. काचेवरची ओल एव्हाना सुकली आहे आणि मिनार आता नुसता मिनार दिसतो. आठ वीसला फोन टेबलावर थरथरतो.

फोटोत लोखंडी खाटेचा पायथा. त्यावर चादरीची घडी, एक कोपरा बाहेर लोंबणारा. खाली अपियोंचा मजकूर: "घडी वाकडी आहे. कोरडी आहे." लगेच दुसरा: "एक सकाळ म्हणजे एकच सकाळ."

विभावरी फोटो मोठा करून तो लोंबणारा कोपरा बराच वेळ बघतात.

"खलास? झालं?" सदानंद विचारतात.

"एका रात्रीचं झालं."

"मग पेला मोकळा?"

"नाही."

इरा मान वळवून फोटो बघते. "शी फोल्ड्स लाइक मी," ती म्हणते आणि उरलेले पोहे संपवते.

उद्या सोमवार. तिकडचा राउंड इथल्या घड्याळाने आठला सुरू होतो. आठलाच विभावरींची ओपीडी उघडते, आणि ओपीडीत फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे.