यादीतलं पुढचं नाव

"तुहा घोडा कोणता?"

वरठीच्या अभ्यासिकेत नवीन कोणी आलं, की भाऊ आधी नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. हा प्रश्न विचारत. समोरचा गोंधळून इकडेतिकडे बघू लागला, की त्याला बसवून आयसीएसची गोष्ट सांगत. इंग्रजांच्या काळात कलेक्टर व्हायचं, तर परीक्षा द्यायला लंडनला जावं लागे. इथल्या पोरानं बोटीनं समुद्र ओलांडायचा आणि शाळेपासून लॅटिन-ग्रीक घोकलेल्या गोऱ्या पोरांच्या शेजारी बसून पेपर सोडवायचा. लॅटिनला गुण जास्त, संस्कृतला कमी. तरीही आपली पोरं पास होऊ लागली, तशी वयाची अट एकोणिसावर आणून ठेवली. आणि एवढं सगळं पार केलं, तरी शेवटी घोडा उभाच. घोड्यावर बसून दाखवायचं. सगळ्या विषयांत पास झालेला एक बंगाली तरुण या घोड्यापाशीच राहून गेला होता.

"पु... पुस्तकं तं सगळ्याइलेच पाठ असतात," भाऊ म्हणत. "परीक्षा शेवटी घोड्याचीच रायते. आपला घोडा कोणता, थे आधी हुडक."

भाऊ अडखळत बोलत. थोडंथोडकं नाही, चांगलंच. 'प' आणि 'क' ही अक्षरं त्यांच्या ओठांवर येऊन थांबत, डोळे मिटले जात, मानेची शीर ताणली जाई. नवी मुलं पहिल्या दिवशी खाली मान घालून हसत. आठवडाभरात हसणं बंद होई, कारण तोवर त्यांच्या लक्षात आलेलं असे की हा माणूस फुकट शब्द वापरत नाही. एवढ्या कष्टानं बाहेर आलेला शब्द आपोआप लक्षात राहतो. तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल.

भाऊ मूळचे मोहाडीचे, विणकराच्या घरचे. वरठीच्या पोलाद कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्यावर काम करत. ड्युटी संपली की सायकल थेट अभ्यासिकेकडे. अभ्यासिका म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, लांब टेबलं, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा. गाडी स्टेशनात शिरली की खिडकीची काच थरथरे. भाऊ तिथं शिकवत आणि स्वतःही राज्यसेवेची परीक्षा देत. त्यांची चाळिशी उलटली होती. लेखी परीक्षा ते तीनदा पास झाले होते आणि तीनदा मुलाखतीतून परत आले होते. आपला घोडा कोणता, हे त्यांना कोणी विचारत नसे. विचारायची गरज नव्हती.

मी करडीचा. घरी धानाची शेती. तलाठ्याची नोकरी लागली होती, पण मला नायब तहसीलदार व्हायचं होतं. माझा घोडा भाऊंनी दुसऱ्याच दिवशी ओळखला. साहेबासमोर उभं राहिलं की माझी नजर जमिनीला खिळे आणि शब्द गाडी सुटल्यासारखे धावत. भाऊंनी मला रोज समोर बसवलं. प्रश्न ते फळ्यावर लिहीत, उत्तर मी तोंडानं द्यायचं.

"धावून कायले रायला? कोणी मागं लागलं का?" ते म्हणत. "प्रश्न आयकला का, थांबायचं. मंग बोलायचं. थांबायले लाजू नोको."

ज्या माणसाला जन्मभर मनाविरुद्ध थांबावं लागलं, तो मला आपणहून थांबायला शिकवत होता. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी आपला शिकत गेलो.

त्या वर्षी आम्ही दोघंही लेखी पास झालो. भाऊंचं वयाच्या अटीप्रमाणे ते शेवटचं वर्ष होतं. मुलाखत नागपूरला, दोघांची एकाच दिवशी. पहाटेच्या गाडीत भाऊंनी मला त्यांची वही दिली. कोणता प्रश्न येऊ शकतो आणि त्याचं उत्तर काय, हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ही त्यांची स्वतःची तयारी होती.

"तुमाले नाही लागत का?"

"मले पाठ आहे. तू वाच."

आधी ते आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. शर्ट पाठीला चिकटला होता, पण चेहरा शांत होता. आम्ही झाडाखाली उभे राहिलो.

"काय इचारलं?" मी म्हणालो.

"आयसीएसचं इचारलं. त्या परीक्षेतून आजच्या परीक्षेत काय काय आलं, मनून."

मला आनंदच झाला. "थे तं तुमचंच! मंग सांगतलं का?"

भाऊंनी रस्त्याकडे बघितलं. "उत्तर येऊन रायलं होतं," ते म्हणाले. "येतच रायलं." मग पाठीचा शर्ट सोडवत म्हणाले, "मानसं चांगली होती. पानी देल्लं. सावकाश बोला मनले."

माझी मुलाखत दुपारी झाली. मी थांबून थांबून बोललो. त्यांच्या वहीतले दोन प्रश्न मला आले.

निकाल लागला तेव्हा नायब तहसीलदारांच्या निवड यादीत शेवटचं नाव माझं होतं. गुणांची यादी खाली सरकवली. पुढचं नाव भाऊंचं होतं.

अभ्यासिकेत पोरांनी पेढे आणले. भाऊंनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला आणि फळा पुसून त्या दिवशीचा तास घेतला. विषय होता पंचायत राज. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

नियमात एक सोय आहे. निवड झालेल्यानं मुदतीत लेखी कळवून हक्क सोडला, तर खालचा उमेदवार वर सरकतो. माझ्या हातात तलाठ्याची नोकरी होती, वयही होतं. मला पुन्हा परीक्षा देता आली असती, त्यांना नाही. तीन दिवस मी तो नियम पुन्हा पुन्हा वाचला. चौथ्या दिवशी अर्ज लिहिला, सही केली आणि तो घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो. का गेलो? टपालात टाकून मोकळं होता आलं असतं. पण मी आधी त्यांना दाखवायला गेलो. यातच काय ते आलं, असं मला आज वाटतं.

भाऊंनी अर्ज वाचला. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी त्याला हातानं थांब म्हणून खुणावलं.

"हे का होय?"

"भाऊ, तुमचा शेवटचा चान्स आहे. मी पुढच्या वर्षी देईन ना."

"मले खु... खुर्ची पायजे होती, असं वाटते का तुले?"

त्यांनी अर्ज माझ्यासमोर धरला.

"मले फक्त येवढं पायजे होतं. त्याइनं इचारावं अन् म्या सांगावं. पुरं सांगावं." ते थांबले. डोळे मिटले. मी वाट पाहिली. "थे तुह्या ह्या कागदानं होते का?"

"नाही."

"मंग कायले लिवला?"

त्यांनी अर्जाची नीट घडी केली आणि माझ्या खिशात ठेवली. फाडला नाही. ठेवायचा की टाकायचा, हे माझ्यावर सोडलं. मग ते ट्रककडे वळले.

मी तो अर्ज पाठवला नाही. परतताना मोटारसायकलवर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं. दुःख झालं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं.

प्रशिक्षणाला गेलो, मग दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक झाली. भाऊ अभ्यासिका चालवत राहिले. अधूनमधून त्यांचा मेसेज येई: अमकी फौजदार झाली, तमका वनरक्षक झाला. फोन ते टाळत. मी सुट्टीत आलो की भेटून जाई. ते साहेब म्हणून थट्टा करत आणि मी म्हणे, भाऊ, असं नोका करू.

मागच्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत अभ्यासिकेतल्या एका मुलीचा फोन आला. भाऊ काट्यावरच कोसळले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निवडणुकीच्या कामातून रजा मिळेपर्यंत चार दिवस गेले.

मोहाडीला त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. पुढच्या खोलीत माग होता, अर्धवट विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं. त्यांची आई भिंतीला टेकून बसली होती. खूप म्हातारी, पण नजर तीक्ष्ण. मी नाव सांगितलं.

"तू माह्या पोरासंगं परीक्षेले होता ना?"

"हो, आई."

"त्याले अभ्यास जमत नोयता का रे? दर साली इचारो मी. थो मने, लेखीतच नापास झालो, आई. गनित कच्चं आहे मने." तिनं पदरानं डोळे पुसले. "लहानपनी बोडीत पडला होता. पान्यातून काहाडला, तवापासून वाचा अडकली. माह्यानं ध्यान नाही देल्लं गेलं. मले वाटे, बोलन्यापायीच घेत नसतीन त्याले. थो मने, नाही आई, बोलन्याचं नाही, गनिताचं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. भाऊंचं गणित जिल्ह्यात कोणाचं नसेल इतकं पक्कं होतं. चार वेळा लेखी पास झालेला हा माणूस आईपुढं चारही वेळा नापास झाला होता, तिनं स्वतःला दोष देऊ नये म्हणून.

ते खोटं मोडायचा मला अधिकार नव्हता. तसंच राहू द्यायचं, तर भाऊ नापासच राहणार होते. मग जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं.

"आई, शेवटच्या साली थे पास झाले होते. जागाच कमी होत्या. शेवटची जागा माह्याकडं आली. भाऊचं नाव माह्याच खाली होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी नजर खाली घातली नाही.

"पास झाला होता?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?"

भिंतीचा आधार घेत ती उठली, माझ्या खांद्यावर हात टेकून क्षणभर उभी राहिली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली,

"जेवून जाजो, बाबू. भात टाकतो."