दुपारी एकचा पिच्चर आणि डाळजचे तात्या

डाळजचे तात्या आज पहाटे गेले, आणि चॅनल बदललं की नाही हा वाद आमच्या ग्रुपवर अजून चालूच आहे.

सकाळी सातला मी बातमी टाकली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.
त्या रांगेतच एकाने विचारलं, "आज एकला कुठला लावलाय?"
मला रागही आला नाही. आमचा ग्रुप असाच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं बारामतीत चष्म्याचं दुकान आहे. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. त्या वेळात एका चॅनलवर जुने ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमे लागायचे. ते बघणाऱ्या बारामती-इंदापूरकडच्या रिकामटेकड्यांचा मी मोबाईलवर ग्रुप काढला. नाव 'दुपारचा पिच्चर'.

गेल्या वर्षी एका सोमवारी एकच्या ठोक्याला जुन्या सिनेमाऐवजी रंगीत हाणामारी सुरू झाली.
झालं. ग्रुपमध्ये दोन तट पडले.
एक म्हणे, चॅनल बदलतंय, जुनं आता बंद होणार.
दुसरा म्हणे, काही नाही, तात्पुरतं आहे.
दुसऱ्या तटाचा पुढारी मी. तात्या पहिल्या तटात.

तात्यांना टाइप करता येत नसे. ते व्हॉइस मेसेज पाठवायचे. रोज एकच.
"त्यो मेंढरांचा पिच्चर कवा लागायचा? का बंदच क्येला चॅनलवाल्यांनी?"

मी नेटवरची लिंक शोधून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, "बघितला. ह्यात मेंढरं न्हाईत. मधला तुकडाच गायब हाय."
ग्रुप हसून लोळला. एकजण म्हणाला, मेंढरं बघायला टीव्ही कशाला, रस्त्यावर या की.
मी मेंढीचं स्टिकर टाकलं. माझे आजोबा जन्मभर मेंढरांमागे फिरले, तरी मला हे सुचलं.

आठवड्याने तात्या एसटीने दुकानात आले. नवा चष्मा करायला.
"लांबचं साफ दिसाय पायजे. टीव्हीतलं."

नंबर काढता काढता बोलले.
"मी सा वर्साचा आसंन. आमच्या माळावर शूटिंग आलं व्हतं. हिरोच्या मागनं मेंढरं जात्यात ना, ती आमची. आन् मेंढरांमागं खांद्यावर घोंगडं टाकलेला त्यो माझा बाप."
"मग?"
"मग काय? फुडच्या साली गेला त्यो. फोटो न्हाय. एक बी न्हाय. आईचा हाय भितीवर. ह्येचा तेवढा टीव्हीवनं काढून द्या. फ्रेमवाल्याला सांगून ठिवलंय."

मी हातातली लेन्स उगाच पुसत बसलो. त्या स्टिकरची फार लाज वाटली.

दिवाळीनंतर एकदा चॅनलच्या यादीत तो सिनेमा दिसला. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी डाळज गाठलं. घरातले सगळे रानात, उसाच्या लागणीला. टीव्हीसमोर आम्ही दोघंच. मी मोबाईल धरून तयार.

पाऊण तासाने तात्या ओरडले, "आला!"

मेंढरं आली. धूळ उडाली. मागून एक उंच, कोवळा माणूस. चालता चालता त्याने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि गेला. त्या माळावर आता धरणाचं पाणी आहे.

तात्या म्हणाले, "आरं, ह्यो तर आमच्या बाळूपरीस ल्हान हाय. माझा बाप माझ्या पोरापरीस ल्हान!"

नव्या चष्म्यातून त्यांना बापाचं तोंड पहिल्यांदा नीट दिसलं होतं.

आणि मी बघतच राहिलो. रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच राहिलं. एवढं एकच काम होतं मला.

तात्यांना तसं सांगितलं. मीच सारवासारव केली.
"परत लागेल तात्या. चॅनल बदलत नाही हो. माझ्यावर सोडा."
"तुमी म्हणताय तर लागंल की. च्या घ्या."

परत लागला नाही.

एकचा सिनेमा आधी आठवड्यातून दोनदा झाला, मग फक्त रविवारी. आता तिथं रोज डब केलेली मारामारी असते. मी चॅनलला मेल केले. आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं उत्तर आलं. तीनदा, तेच.

ग्रुपवर मात्र मी अडून बसलो होतो. तात्पुरतं आहे, थांबा जरा. दुसरं काही कबूल केलं असतं तर डाळजला काय तोंड दाखवणार होतो?

पुढे तात्यांचा रोजचा प्रश्न येईनासा झाला. मला वाटलं, विसरले. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

आज सकाळी बाळूचा फोन आला. बाळू म्हणजे तात्यांचा मुलगा. गेल्याचं सांगितलं. कधी, कसं, सगळं शांतपणे सांगितलं. मग म्हणाला,
"साहेब, आज्याचा व्हिडिओ तुमच्याकडं हाय न्हवं? तात्या सांगायचं, चष्मेवाल्यांनी घेतलाय, कामात असत्यात, निवांत देत्याल. तेवढा धाडा. बापलेकाचं फोटो संगंच करून घेतो."

माझी चूक त्यांनी घरात कुणाला सांगितलीच नव्हती.

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

बाळू, व्हिडिओ नाही. मी घेतलाच नाही. तात्या माझ्यासाठी तुमच्याशी खोटं बोलले. दहाव्याला येईन तेव्हा समोर बसून सांगेन. सकाळी धीर झाला नाही, म्हणून आधी इथं लिहितोय.

आणि ग्रुपवाल्यांनो, वाद पुरे आता. चॅनल बदललंय. तात्या म्हणत होते तेच खरं होतं, आणि ते मला केव्हाच कळलं होतं.

तात्या, चुकलो.
भावपूर्ण नमस्कार.