ऑइलरचा हात

आमच्या बाबांना, लवू परबांना, कोरडी वस्तू बघवत नाही. दाराची बिजागरी, शिलाई मशीनचं चाक, शेजारच्या नलूमावशीच्या कपाटाचं कुलूप, दिसेल तिथे तेलाचा थेंब सोडतात. गिरणीत ते साचेखात्यात ऑइलर होते, साच्यांना म्हणजे मागांना तेल घालायचे. साचा करकरला की शिव्या ऑइलरला, हे चौदा वर्षं ऐकून त्यांच्या हाडात मुरलं. गिरणी गेली, तो हात तेवढा राहिला. त्याच हाताने गेल्या महिन्यात घात केला.

बाबा भोईवाड्यात आनंदाच्या गॅरेजमध्ये काम करतात. हा आनंदा त्यांच्याच खात्यातला, वयाने सात-आठ वर्षांनी लहान. ब्याऐंशीच्या संपात सातव्या महिन्यात तो संप मोडून कामावर गेला. अशा माणसाच्या दारी तेव्हा बांगड्यांचा आहेर न्यायचे, बायकोने नव्हे, तूच भर म्हणून. बाबा पुढारी वगैरे नव्हते, पण डोकं भडक. चाळीतली चार माणसं घेऊन निघाले आणि बांगड्यांचं ताट माझ्या हातात दिलं. मी आठ वर्षांची.

दार आनंदाच्या बायकोने, चंपाकाकूने उघडलं. ती बारा दिवसांची बाळंतीण. तिला वाटलं, आम्ही बारशालाच आलोय. हिरव्या बांगड्या बघून ती हसली, ताट घेतलं आणि माझ्या तळहातावर साखर ठेवली. मागे जिन्यात कुणीतरी फिदीफिदी हसलं, तेव्हा तिला उमगलं. त्या साखरेचं पुढे काय झालं ते आठवत नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आले. खोटं कशाला बोलू, मी ती खाल्ली.

पुढे गिरणी उघडली, पण बाबांसाठी नाही. त्यांनी भाजीची गाडी लावली, वॉचमनगिरी केली, कुठे टिकले नाहीत. शेवटी आईने त्यांना न सांगता आनंदाचं दार गाठलं. त्याने तेव्हा नुकतं गॅरेज टाकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, उद्यापासून पाठवा."

त्याला आता चौदा वर्षं झाली. गेल्या महिन्यापर्यंत बाबांनी आनंदाला एकदाही हाक मारली नव्हती. अरे म्हणावं तर तो मालक, अहो म्हणावं तर जीभ रेटत नाही. मग "पाना हवाय", "गाडी धुऊन झाली", असं भिंतीकडे बघून बोलायचं. आनंदा मात्र त्यांना नानाच म्हणतो. "सोडा हो ते काम," मी शंभरदा म्हटलं असेल. पण बासष्टाव्या वर्षी माणूस जाणार कुठे, हे मलाही माहीत होतं. रोज सकाळी आठाला घर सोडताना बाबांचा चेहरा बघवायचा नाही.

तर गेल्या महिन्यात एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा, इंजिनाचं चित्र असलेला, विझत नव्हता. स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सर खराब दाखवला. हा सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला कळवतो. जुना सेन्सर गंजून पक्का बसला होता. असले आटे बाबांच्याच हाताला दाद देतात, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी जुना काढला, नवा बसवला, आनंदाने स्कॅनरने दिवा घालवला.

दोन दिवसांनी गाडी परत आली, दिवा लागलेला. पुन्हा घालवला, पुन्हा लागला. आनंदाने फ्यूज बघितले, वायर तपासली, पाइप कुठे फुटलाय का ते पाहिलं. सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "तुम्हाला नव्या गाड्या जमत नाहीत, तसं सांगा." आनंदाला ते फार लागलं. त्याने सगळ्यांदेखत बजावलं, "बसवण्यात कुणाची चूक निघाली तर त्याने उद्यापासून येऊ नये."

मग त्याने सेन्सर विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दुकानदार म्हणाला, "माल एकदम ओके आहे शेठ. ग्रीस तर नाय ना लावलं कुणी? त्याला वायरीतून हवा लागते. कनेक्टर बुजला की त्याचं रीडिंगच चुकतं."

"आमच्याकडे असली कामं होत नाहीत," आनंदा म्हणाला. "माणसं जुनी आहेत. तुझाच माल खोटा. उद्या परत पाठवतो."

बाबा तिथेच उभे होते. कनेक्टरमध्ये, म्हणजे वायर जोडतात त्या खोबणीत, पाणी शिरू नये म्हणून त्यांनीच बोटाने दाबून दाबून ग्रीस भरलं होतं. सेन्सरच्या टोकालाही फासलं होतं, पुढच्या वेळी सहज निघावा म्हणून.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला हे सांगितलं. मी म्हटलं, "सकाळी लवकर जा आणि पुसून टाका. कुणाला कळतंय?"

"आणि त्या दुकानदाराक खोटो ठरवूचो?" एवढंच बोलून ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. आनंदा नुकता शटर उघडत होता. बाबा त्याच्यासमोर जाऊन थेट त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "आनंदा, ग्रीस मी भरलं. दुकानदाराचा दोष नाही. उद्यापासून मी येत नाही."

मला अगदी हलकं वाटलं. सुटला माझा बाप, असं मनात आलं.

आनंदाने कनेक्टर उघडला, बोटाला लागलेलं ग्रीस बघितलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तो त्यांना म्हणाला, "मॅडम, चूक माझी. ग्रीस मीच भरायला सांगितलं होतं. दुपारपर्यंत दुसरा सेन्सर बसवून देतो." मग त्याने खिशातला रुमाल काढून बाबांसमोर धरला. "नाना, हात पुसा. तुम्हीच बसवा. या खेपेला कोरडा."

 बाबांनी रुमाल घेतला.

दिवा विझला, तो परत लागला नाही. त्या रात्री आईने ताट वाढलं, तर बाबा नुसते भात चिवडत बसले.

"दुपारी चंपान चाय धाडल्यान," ते म्हणाले. "साखर घालून."

"मग? प्यायलात ना?" आईने विचारलं.

"प्यायलंय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "गाळी घातल्यान असत्यो तर सुटलंय असतंय गो मी."

 आईने बाबांच्या कामासाठी रोजच्यासारखा घड्याळाचा गजर लावला.