बंद दारं दाखवणाऱ्या विमलताई

विमलताईंची आणि माझी पहिली भेट झाली तीच मुळी मला धक्का देऊन. नाशिकला रविवार कारंज्यावरच्या त्यांच्या ऑफिसात मी नोकरी मागायला गेले होते. नुकतीच बी.कॉम. झालेली, ओझरहून बसनं उभ्यानं आलेली, घामाघूम. ताईंसमोर पंचवटीतले एक कापडदुकानदार बसले होते. "ताई, दोन-चार बिलं इकडची तिकडची लावा ना, कर जरा कमी बसेल," असं ते लाडीगोडीनं म्हणाले. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि शांतपणे विचारलं, "गुरुवारी दुकान बंद असतं ना तुमचं? मग गुरुवारी सकाळी स्वेटर घेऊन या. सुरगाण्याला जायचंय." दुकानदारांनी आ वासला, आणि मीही. कर सल्लागार म्हणजे कर वाचवून देणारा, एवढंच मला ठाऊक होतं. या बाई तर गिऱ्हाइकाला डोंगरात न्यायला निघाल्या होत्या! इथं पगार मिळायचं काही खरं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

पगार मिळाला, तोही वेळेवर. पण त्यातून व्यवसाय कर कापलेला पाहून मी खट्टू झाले. तेवढ्यात ताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. "अभिनंदन! आजपासून देश चालवणाऱ्यांत तूही आलीस," म्हणाल्या आणि सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. कर कापला म्हणून पेढे! घरी सांगितलं तर आई म्हणाली, "त्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना गं?" पुढे माझ्या बाळंतपणात याच बाईंनी भरपगारी रजा दिली, माझं टेबल स्वतः सांभाळलं आणि डिंकाचे लाडू घरी पोचवले, तेव्हा आईनं आपले शब्द मागे घेतले.

सुरगाण्याच्या त्या फेरीला आम्ही 'कराची सहल' म्हणत असू. कुरकुरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ताई पदरमोड करून घेऊन जात. घाटातला रस्ता, आश्रमशाळा, पाड्यावरची पाण्याची टाकी, दवाखाना असं सगळं दाखवत आणि परतताना कुणाच्या तरी ओट्यावर नागलीची भाकरी खायला बसवत. "कर म्हणजे वर्गणी. गणपतीची वर्गणी देताना गणपती माझ्याच घरात बसवा, असं म्हणतो का आपण?" हा त्यांचा ठरलेला सवाल. "ज्याची चूल मोठी, त्यानं लाकडं जास्त आणावीत," हे त्यावरचं त्यांचं पालुपद. आणि कुणी म्हणालं, की आम्ही भरतो आणि हे लोक खातात, तर मग त्याची धडगत नसे. "ही भाकरी वाढणारी बाई साबणाची वडी घेते ना? त्यात तिचाही कर गेला. उगीच दातृत्वाचा आव आणू नका!"

मालेगावचे रशीदशेठ हे आमचे सगळ्यात तोंडाळ गिऱ्हाईक. यंत्रमागांचे मालक, मनानं दिलदार, पण कर म्हटला की अंगाचा तिळपापड. "ताई, सरकारला पैसा देणं म्हणजे गिरणा नदीत टाकणं. पुरात तरी दिसतो, इथं तोही दिसत नाय," असं म्हणत. शेवटी ताईंनी त्यांनाही सहलीला काढलं. गाडी शेठचीच होती.

त्या दिवशी नेहमीचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून आम्ही एका आडवाटेच्या पाड्यावरून निघालो. तिथल्या आरोग्य उपकेंद्रासमोर एक जीप उभी होती आणि पायरीवर एक कोवळी पोर पोट धरून कळवळत होती. दाराला कुलूप. सासू दार बडवून थकली होती. "सिस्टर नाय. लय दिस झालं, कोणीच राहत नाय इथं," ती रडत म्हणाली. जीपचं इंजिनही बंद पडलं होतं. रशीदशेठ ताईंकडे वळून जवळजवळ ओरडलेच, "ये है आपका टॅक्स? हेच दाखवायला आणलंत?"

ताई आधी पायरीकडे धावल्या. आम्ही त्या पोरीला शेठच्या गाडीत घातलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि शेठ स्वतः गाडी हाकत होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो आणि थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप. आता ताई शेठना नक्की सुनावणार, की गाडी तुमची, पण रस्ता आणि हा दवाखाना कुणाच्या पैशानं झाला? मी वाटच पाहत होते. आणि ताई चक्क रडायला लागल्या! विमलताईंना रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"शेठ, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं आधी फोन करून तुम्हा सगळ्यांना उघडी दारंच दाखवली. बंद दारांकडे मी पाहिलंच नाही."

"मग आता टॅक्स भरायचा की नाय?"

"भरायचाच. नाही भरला, तर त्या कुलपाचा जाब कुठल्या तोंडानं विचारणार?"

दुसऱ्याच आठवड्यात ताई दुकानदारांची आणि शेठची वरात घेऊन तालुक्याच्या कचेरीत हजर. तिथं त्यांनी उपकेंद्राच्या सिस्टरला बोलावून घेऊन सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ती बिचारी खाली मान घालून म्हणाली, "ताई, क्वार्टरला पाण्याचा थेंब नाही. न्हाणीला दार नाही. लेकराला घेऊन कशी राहू?" ताईंचा चेहरा पडला. त्यांनी त्याच लोकांसमोर सिस्टरपुढे हात जोडून माफी मागितली. वयानं एवढ्या मोठ्या बाई!

रशीदशेठ लगेच म्हणाले, "नळाचा खर्च मी करतो, बात खतम." ताईंनी साफ नकार दिला. मला इतका राग आला! म्हटलं, तोवर आणखी एखादी अडली तर? ताई म्हणाल्या, "तोवर तिथं एक धड चालणारी जीप ठेवू, ती मी ठेवते. पण नळ शेठनी दिला तर ती मेहरबानी होईल. तो तिचा हक्क आहे आणि त्याचे पैसे आपण सगळ्यांनी भरलेत." मग अर्ज, चकरा, वाद सुरू झाले. ताईंच्या चपला झिजल्या आणि साहेब लोक त्यांना पाहिलं की मागच्या दारानं सटकू लागले. पण नळ आला, न्हाणीला दार लागलं आणि सिस्टर लेकरासह तिथं राहायला आली. तेव्हापासून आमची सहल फक्त बंद दारांकडेच जाते.

गेल्या थंडीत त्याच पाड्यावरून जाताना ताईंनी एकाएकी छाती धरली. तोंड पांढरंफटक, घामानं चिंब. शेठनी गाडी उपकेंद्राकडे वळवली. मला डोळ्यांपुढे तेच जुनं कुलूप दिसत होतं आणि मी वेड्यासारखी देवाचा धावा करत होते. दार उघडं होतं. सिस्टर न्हाणीतून तशीच धावत आली, तिनं ताईंना खाटेवर निजवलं, एक गोळी चावायला लावली, रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत ताईंचा हात सोडला नाही. रशीदशेठ बाहेर त्याच पायरीवर बसून ढसाढसा रडत होते. वेळेवर उपचार मिळाले म्हणून त्या वाचल्या, असं नाशिकला डॉक्टरांनी सांगितलं. ताईंना बरं वाटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? "सिस्टरच्या केसांतून पाणी निथळत होतं, पाहिलंस? नळ चालू आहे हो!" मी कपाळाला हात लावला आणि मग हमसून रडले.

ताई, तुमच्या अमृतमहोत्सवी वर्षात आम्हा सगळ्यांचं मागणं एवढंच, की तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि आम्हाला हादरवण्याची तुमची खोड अजून पुष्कळ वर्षं टिको. गोळ्या वेळेवर घ्या, जिना सावकाश चढा. सुरगाण्याकडच्या आणखी एका पाड्यावर कुलूप आहे म्हणतात. गुरुवारी रशीदशेठ गाडी घेऊन येतायत, स्वेटर घेऊन तयार राहा.